नाचणीच्या पिशवीतले डबे

काल्हेर,
२६ डिसेंबर

वल्लरी,

कागदावर आधी सवयीने 'प्रिय' लिहिलं गेलं. तो कागद फाडला. हा दुसरा आहे.

फोनवर तुला मी आता काहीच पाठवणार नाही, ना मेसेज ना आवाज. मागे एकदा आवाज पाठवला होता, त्याचं तू काय केलंस ते अख्ख्या भिवंडीने ऐकलंय. म्हणून हे पोस्टाने.

तुझ्या कार्यक्रमाचं पोस्टर आमच्या इथल्या पार्लरच्या काचेवर लागलंय. संक्रांतीनंतरच्या शनिवारी 'आई-बाळ हळदीकुंकू', प्रमुख पाहुण्या 'वल्लरीची वाटी' या चॅनलच्या वल्लरीताई. फोटोत तुझ्या कडेवर मैथिली आहे, आणि बाजूला ते तुझं लाडकं मशीन. गाजर टाका, बटण दाबा, आपोआप वाफवलं जातं आणि आपोआप वाटलंही जातं. येणाऱ्या प्रत्येकीला स्टीलची वाटी वाण म्हणून मिळणार आहे. मी येणार आहे, वल्लरी. तू मला काही कळवलं नव्हतंस. मी मात्र कळवून येतेय.

तू काही विसरली नसशील. पण स्वतःला सोयीची गोष्ट रचण्यात तू पटाईत आहेस, म्हणून झालं तसं लिहिते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आपण एका बाकावर बसलो. तू टेमघरची, सुमती टीचरांची मुलगी, बोलताना एक शब्द इकडचा तिकडे न होणारी. मी दिघाशीची, आगरी घरातली. माझं हाय-न्हाय ऐकून तू हसायचीस. प्रेमाने हसतेस असं मला वाटायचं. आपली लग्नं एकाच सीझनला झाली आणि पोरं एकाच वर्षात. आधी तुझी मैथिली, मग माझा सार्थक. तेव्हा तू तो ग्रुप काढलास, 'मऊ भात'. आपण चौघी होतो त्यात, बाकीच्या दोघी नारपोलीच्या. आठवतं, दिवसभर काय बोलायचो? खिमट कुकरला लावावं की छोट्या इलेक्ट्रिक भांड्यात. नाचणी भाजून दळावी की मोड आणून. कुणाच्या पोराने कुणाच्या नव्या साडीवर ओकलं. प्रत्येकीचं लाडकं यंत्र वेगळं. तू तुझ्या दुधाच्या पंपाला 'नवऱ्यापेक्षा उपयोगी' म्हणायचीस. मी माझ्या लाल मिक्सरचं कौतुक सांगायचे. माझ्या आईने लग्नात दिलेला तो, आणि त्याच्या चटणीच्या भांड्यात बाळाच्या वाटीपुरतंच बरोब्बर वाटता येतं म्हणून मी सार्थक पोटात असल्यापासून खूश होते. नुसता टाइमपास होता तो सगळा. पण त्या टाइमपासवर माझे दिवस निघत होते.

मला दूध पुरत नव्हतं. अळिवाचे लाडू झाले, शतावरी झाली, सासूबाईंनी खाडीची सुकी मासळी रांधून घातली. तरी पोर भुकेलं राहायचं आणि रडायचं. एका दुपारी तो थांबेच ना, तेव्हा मी तुला आवाज पाठवला. ग्रुपवर नाही, तुला एकटीला. बोललेलं मला तोंडपाठ आहे, कारण नंतर ते सगळ्या गावाला तोंडपाठ झालं.

"वल्लरी, मना वाटतंय ह्याला पाळण्यात ठेवावं नि कुठंतरी निघून जावं. दूध न्हाय, झोप न्हाय. हा रडाय लागला का माझे हात थंड पडतात. मी वाईट बाई हाय का गो?"

तू लगेच फोन केलास. "वेडी आहेस का? सगळ्यांना होतं असं. मीपण रडते बाथरूममध्ये जाऊन." किती बरं वाटलं होतं मला.

आणि पुढच्या आठवड्यात तुझा व्हिडिओ आला, 'आई होणं सगळ्यांना जमतं का?' त्यात माझा आवाज होता. तू तो बारीक करून घेतला होतास, कार्टूनसारखा. पण मागे आमच्या दारातल्या गोडाऊनच्या ट्रकचा रिव्हर्सचा पीं-पीं तसाच होता, आणि शेवटचा तो 'गो' तसाच होता. माझा प्रश्न संपला आणि तू कॅमेऱ्यात बघून म्हणालीस, "मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा." मग मशीनची जाहिरात.

लोकांनी सांगितलं. खाली हजारो जणींनी लिहून सांगितलं.

माझ्या नणंदेने, करिष्माताईंनी, तो व्हिडिओ स्वयंपाकघरात लावला. त्या नवरा सोडून माहेरी परत आलेल्या, मूलबाळ नाही, हे तुला माहीत आहे. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीतच हात धुतले आणि म्हणाल्या, "आजपासून पोऱ्या हिच्याजवळ न्हाय निजायचा." नवरा म्हणवणारा भाविक म्हणाला, "थोडेच दिवस. आईला बरं वाटेल." मला ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बाळंतपणात होतं, गोळ्या घ्या, आणि बाळाला हिच्या जवळ ठेवा. घरी येऊन भाविकने फक्त गोळ्यांचं सांगितलं.

तो रांगायला लागला ते मी दारातून बघितलं. त्याला पहिलं खिमट करिष्माताईंनी भरवलं. मी आतल्या खोलीत होते आणि बाहेर माझाच मिक्सर चालू होता. आवाज ओळखता येतो गं. दुसऱ्या कुठल्या मिक्सरचा असता तर मी एवढी रडले नसते.

तेव्हा ये तू हॉलमध्ये. मीही येतेय.

मृणाली


काल्हेर,
८ जानेवारी

वल्लरी,

पत्र पोचलं म्हणायचं. कारण अनिमेष येऊन गेला.

बिचारा ओट्यावर बूट काढू की नको करत उभा होता. हातात तुझ्या मशीनचं नवं कोरं खोकं, वर गुलाबी रिबीन. सासूबाईंनी चहा दिला. त्यांना कळेना हा कोण. मी सांगितलं, "माझ्या मैत्रिणीचा नवरा." अजूनही तोंडातून 'मैत्रीण'च आलं याचा मला राग आला.

तो म्हणाला, "वहिनी, वल्लरीचा हेतू वाईट नव्हता. तिला वाटलं, नाव न घेता सांगितलं तर बायका जाग्या होतील."

"झाल्या ना जाग्या. मला घरात बंद केलं."

"तिला एवढं होईल असं वाटलं नाही."

"मग तो व्हिडिओ काढून का नाही टाकला तिने?"

त्याने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे आता." आणि उठताना दारात थांबून, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, "वहिनी, ते डब्यांचं मात्र काढू नका. माझ्या सासूबाई टेमघरात राहतात. त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

डब्यांबद्दल मी पत्रात एक अक्षरही लिहिलं नव्हतं, वल्लरी. तूच ओळखलंस. तुझी झोप उडाली असणार. ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला अजून एक कप चहा घ्या म्हटलं.

तू नवऱ्याला कितपत सांगितलंयस कुणास ठाऊक, म्हणून नीट लिहिते. तो वाचत असेल तर वाचू दे. तू बाळंतपणाला टेमघरला होतीस, तेव्हा तुलाही दूध पुरत नव्हतं. पंप लावून बसायचीस आणि बाटलीचा तळ जेमतेम झाकायचा. पण सुमती टीचरांनी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे बाहेरचं दूध चालत नाही. टेमघरच्या केमिस्टकडे जायची तुला सोय नव्हती, तो टीचरांचा विद्यार्थी. म्हणून पावडरच्या दुधाचे डबे मी आणायचे, काल्हेरच्या दुकानातून. सातवा महिना चालू होता माझा. नाचणीच्या पिठाच्या पिशवीत डबा खाली, वर पीठ, आणि रिक्षातून तुझ्या दारात. टीचर दार उघडून म्हणायच्या, "किती गं जीव लावतेस तिला. आणि पिशवी केवढी जड!" मी म्हणायचे, "दिघाशीची नाचणी आहे, टीचर, जडच असते." आत जाऊन आपण दोघी उशीत तोंड खुपसून हसायचो.

मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलंही नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? पोर भुकेलं होतं, त्याला दूध दिलं.

पण तूच नंतर कॅमेऱ्यासमोर म्हणालीस, "माझ्या मैथिलीने डब्याच्या दुधाचा एक थेंब चाखलेला नाही. आईची इच्छा असेल तर दूध येतंच." इच्छा असेल तर! ते वाक्य माझ्या सासूबाईंनी मला ऐकवलं. "बघ, तुझी कॉलेजातली सोबतीण काय सांगतेय."

खोकं परत पाठवतेय, रिबिनीसकट. भाविकचा गोडाऊनवरचा माणूस, लडकू, आणून देईल. त्याला चहा दे. त्याने काही केलेलं नाही.

मृणाली


काल्हेर,
१८ जानेवारी

वल्लरी,

काल तू स्टेजवर होतीस. खालून काय दिसलं ते तुला माहीत नाही, ते सांगते.

मला नुसतं बोलून भागवायचं नव्हतं. बोललेलं तू फिरवलं असतंस. तुझा एक फोटो माझ्याकडे होता, तूच पाठवलेला. 'किती चमचे पावडर टाकू?' असं विचारताना. गाऊनमधला, केस सुटलेले, मांडीवर मैथिली, तिच्या तोंडात बाटली, बाजूला डबा आणि त्याच्यावरचं नाव स्वच्छ वाचता येतंय. तुझे याहून बरे फोटो होते माझ्याकडे. मी मुद्दाम गाऊनचा निवडला. आणि फ्लेक्सच्या दुकानात जाऊन तो मोठा करून घेतला, नगरसेवकाच्या वाढदिवसाला करतात तसा.

दुकानातल्या माणसाने विचारलं, "मॅडम, बर्थडे है क्या? ऊपर क्या लिखूँ?"

"कुछ नहीं लिखना."

"फूल डालूँ, साइड में?"

मी म्हटलं, डालो.

सासूबाई बरोबर होत्या. त्यांना वाटीचं वाण हवं होतं आणि तुला बघायचंही होतं. सार्थक करिष्माताईंजवळ घरी. गुंडाळलेला फ्लेक्स बघून त्यांनी विचारलं, "ह्यो काय घेतलाव?" मी म्हटलं, कार्यक्रमाचाच आहे. खोटंही नव्हतं ते.

छान बोललीस तू. मशीनमधून गाजराची वाफ निघत होती, बायका माना हलवत होत्या. मग प्रश्न विचारायचे म्हणून माईक खाली आला आणि मी हात वर केला. तू मला बघितलंस. तुझ्या हातातला चमचा तिथेच थांबला, हे फक्त मला दिसलं असणार.

मी ठरवून घरच्यासारखी बोलले. "माझं नाव मृणाली. काल्हेरवरून आले. ह्या ताईंच्या व्हिडिओत ती बाई हाय ना, पोराला टाकून जावं वाटतं म्हणणारी, ती मी हाय. मी ह्यांना मैत्रीण समजून सांगितलं होतं. ह्यांनी मना न विचारता तुमाला ऐकवलं."

पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून मला आपादमस्तक बघत होती. माझ्या बाजूला सासूबाई वाटी मांडीवर धरून ताठ बसल्या होत्या.

"त्या दिवशी ह्यांनी तुमाला विचारलं, ही कशी आई. आज मी दाखवते, ह्या कशा आई." आणि मी सासूबाईंना म्हटलं, "आई, हे टोक धरा."

त्यांनी धरलं. का धरलं ते त्यांनाच माहीत. मी दुसरं टोक घेऊन मधल्या वाटेने चालत गेले आणि तू उलगडलीस, गाऊन, बाटली, डबा, दोन्ही बाजूंना गुलाबाची फुलं.

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हशा सगळ्या हॉलभर पसरला. तुला सांगू, वल्लरी? त्या हशात मी उभी होते आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझे हात गरम होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण ती पडघ्याकडची पोर उठली. लहानखुरी, विशीतली, दुपट्यात इवलंसं बाळ. माईक न घेताच बोलली. "म्हणजे ताई, डब्याचं दूध दिलं तर चालतं?" आणि रडायलाच लागली. तुझे व्हिडिओ बघून तिने डबा बंद केला होता. बाळाचं वजन वाढेना, आणि ती स्वतःला दोष देत बसलेली. "इच्छा हाय ओ माझी, लय इच्छा हाय," म्हणत होती. तिच्या मागची एक उठली, "मी पण देते डब्याचं." मग तिसरी. एक आजी म्हणाली, "आमी बोंडल्यानं गाईचं दूध पाजलं, मेलं का कोण?" हसणं कुठल्या कुठे गेलं. सगळ्या एकदमच बोलत होत्या.

आणि मी तुझ्याकडे बघत होते. तुझी नजर हॉलभर फिरली. मग तू स्टेजवरून उतरलीस, त्या पोरीला जवळ घेतलंस आणि माईकमध्ये रडत म्हणालीस, "हो. मी खोटं बोलले. मला भीती वाटत होती, तुम्ही सगळ्या मला वाईट आई म्हणाल."

टाळ्या पडल्या. बायकांचे डोळे पुसणं चाललं होतं.

तुझं खरं रडणं मला माहीत आहे. पंप लावून बसायचीस तेव्हाचं. कालचं सुरुवातीला तसंच होतं, हे मी मान्य करते. पण मग एक मुलगी मोबाइल धरून जवळ आली, तू तिला बघितलंस, आणि तुझा चेहरा किंचित उजेडाकडे वळला.

मी फ्लेक्स गुंडाळत होते. एकटीला तो धड गुंडाळता येईना.

मृणाली


काल्हेर,
३० जानेवारी

वल्लरी,

तुझा नवा व्हिडिओ बघितला. बघावाच लागला, जी भेटते ती दाखवते. 'खऱ्या आईची कबुली.' पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी बघितलाय म्हणे. आणि आता दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र दाखवतेस. मशीनवाले सोडून गेले नाहीत, उलट एक वाढलं. मी तुला चारचौघांत उघडं पाडायला गेले आणि तुझी भरभराट करून आले. ह्याचा मला इतका संताप येतो की दोन दिवस मी भांडी आपटत होते.

तेही मी गिळलं असतं. पण त्यात तू म्हणालीस, "त्या दिवशी मृणालीचंही घर पुन्हा जुळलं. कधी कधी एक सत्य दोन आयांना वाचवतं." तुला कुणी सांगितलं माझं घर जुळल्याचं? पार्लरमधून कळलं असेल. कसं झालं ते ऐक, म्हणजे त्यात तुझा हात किती ते तुला कळेल.

हॉलमधून आम्ही रिक्षाने निघालो. अंजूर फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली. सासूबाई इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, चारचौघांत घराची लाज काढली म्हणून आता घरी गेल्यावर महाभारत. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मना वाटलेलं, तू न्हाय म्हणशील. आवाज माझा न्हाय म्हणशील."

"माझाच होता, आई."

"ते मना पयल्या दिवशीच कळलेलं. तू कबूल व्हशील असं न्हाय वाटलेलं." मग म्हणाल्या, "भाविक झाला तवा मी खाडीवर जाऊन बसले व्हते. त्याला घरी टाकून. दिवस मावळला तरी उठवंना. माझी सासू आली शोधत. वाटलं, आता मारतेय. तिनं पोऱ्याला कडेवर आणलेला. माझ्या मांडीवर दिला नि म्हणाली, बसा दोघां. नि स्वतः माझ्या बाजूला बसली."

रिक्षा जरा पुढे सरकली आणि पुन्हा अडकली.

"तिनं मना पोऱ्या आणून दिला," त्या म्हणाल्या, "नि मी तुझा काढून घेतला. लोक काय म्हणतील, ह्याच्यापायी. चुकले गो मी."

त्यांनी माझा हात बित धरला नाही. त्या तसल्या नाहीतच. पण घरी गेल्या गेल्या चपला काढायच्या आधी हाक मारली, "करिष्मा, पोऱ्याचं अंथरूण मृणालीच्या खोलीत टाक."

करिष्माताई सार्थकला भात भरवत होत्या. त्यांचा हात ताटात तसाच राहिला. "का? मी काय केलं?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांनी काहीच केलं नव्हतं. व्हिडिओ आईला दाखवला एवढंच, आणि मग माझ्या पोरावर पोटच्यासारखी माया केली. त्या उठून मोरीत गेल्या आणि नळ सोडला. सार्थक त्या दाराकडे हात करून ओरडत होता. मी त्याला उचललं तर त्याने मला लाथा मारल्या, चावला.

हे तुझं जुळलेलं घर. आता मला सांग, तुझ्या सत्याने ह्यात कुणाला वाचवलं? मला पोर परत दिलं ते माझ्या सासूबाईंनी. करिष्माताईंचं गेलं ते तुझ्यामुळे आणि माझ्यामुळे.

आणि तो पहिला व्हिडिओ, 'आई होणं सगळ्यांना जमतं का', अजून तिथेच आहे. माझा आवाज त्यात अजून तोच प्रश्न विचारतोय आणि बायका अजून खाली उत्तरं लिहितायत. परवाचंच एक उत्तर वाचलं, 'असल्या बाईला पोर ठेवूच नये.' खरी आई झालीस ना आता? मग तो काढून टाक. बाकी काही मागत नाही.

मृणाली


काल्हेर,
२१ फेब्रुवारी

वल्लरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, टीचरांनी वळवून घेतलेलं. वाचताना क्षणभर कॉलेजच्या वह्या आठवल्या. तेवढा एक क्षण तुला दिला, आता पुढचं.

तू लिहितेस, आपण दोघींनी मिळून एक व्हिडिओ करू. मी तुझ्या बाजूला बसायचं, मैथिली आणि सार्थक आपल्या मांडीवर, आणि 'मऊ भात' ग्रुपच्या गमतीजमती सांगायच्या. कुणाचं आवडतं यंत्र कुठलं, कुणाच्या पोराने काय ओकलं. 'लोकांना आपली मैत्री बघायचीय.' आणि जुना व्हिडिओ काढता येणार नाही, कारण 'आपली गोष्ट तिथूनच सुरू होते, तो काढला तर पुढचं कुणाला कळणार नाही.'

आपली गोष्ट! माझं लक्तर घेऊन तू त्याची सुरुवात केलीस आणि आता म्हणतेस, शेवटाला येऊन बस.

नाही, वल्लरी.

भाविकला मी म्हटलं, मला वकील शोधून दे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने आईच्या तोंडाकडे न बघता हो म्हटलं. न विचारता माझा आवाज वापरला म्हणून तुला नोटीस येईल. तुझ्या नव्या फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवू का, असं वकीलबाईंनी विचारलं. मी टेमघरचा पत्ता दिला. तिथे सही करून टपाल घेतं कोण, तुला माहीत आहे. टीचर चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील, शुद्धलेखन तपासल्यासारखं. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही, हे मला कळतं. तरी पत्ता मी बदललेला नाही.

तुला वाटत असेल, पोर मिळालं, सासू सुधारली, नवरा बोलायला लागला, आता हिचं काय अडलंय? सांगते.

परवा सार्थकला ताप आला. संध्याकाळी अंग तापलं आणि तो गळून गेला. इतके दिवस तो माझ्याजवळ झोपतोय, माझ्या हातून जेवतोय. दार उघडलं की माझ्या पायाला मिठी मारतो. मला वाटायला लागलं होतं की सुटलो आपण ह्यातून. मी त्याला मांडीवर घेतलं, थोपटलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं त्याने, म्हणजे ग्लानीत होता असं म्हणायलाही जागा नाही. आणि मग दाराकडे हात करून रडायला लागला, "आई, आई."

"मी आहे ना रे, आई इथंच आहे," मी म्हणत होते. तो माझ्या मांडीवरून घसरत होता.

करिष्माताई दारात येऊन उभ्या होत्या. त्या महिनाभर ह्या खोलीत आल्या नव्हत्या, ठरवून. त्या म्हणाल्या, "त्याला सवय लागलेली, मृणाली. जाईल हळूहळू. मी नाय येत आत." त्यांचे हात मात्र पुढे झाले होते, ते त्यांना कळलंही नसावं.

मीच म्हटलं, "या, ताई."

त्यांनी त्याला घेतला. तो त्यांच्या गळ्यात तोंड खुपसून लगेच शांत झाला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मी बाजूला बसून पाण्यात पट्टी भिजवायची, पिळायची आणि त्यांच्या हातात द्यायची. त्या ती त्याच्या कपाळावर ठेवत होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. ताप उतरेपर्यंत मी त्याच्या कपाळाला हात लावला नाही. मधेच उठेल, घाबरेल असं वाटलं.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, 'झालं गेलं, सोडून देऊ.'

झालं, वल्लरी. गेलेलं नाही.

मृणाली